जुना पार्ट स्कॅन करून प्रिंट केला, तर तो विमानाला लावता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचं भोसरीत जॉबवर्कचं वर्कशॉप आहे. एक मेटल थ्रीडी प्रिंटर, दोन प्लास्टिकचे, आणि आजवरची सगळी कामं गाड्यांच्या कंपन्यांची. एक साधा ब्रॅकेट मिळेना म्हणून एक विमान चार दिवस उभं राहिलं, असं त्यांनी ऐकलं. ते विचारतात, “मोडलेला पार्ट आम्ही स्कॅन करून दोन दिवसांत प्रिंट करून दिला, तर एअरलाइन घेईल का? परवानगी कोणाची लागते? सुरुवात कुठून करावी?”

मी तेवीस वर्षं विमान देखभालीत आहे. आधी मुंबईला लाइन मेंटेनन्स, म्हणजे दोन उड्डाणांच्या मधली देखभाल केली, मग नागपूरला हँगरमध्ये मोठ्या चेकची कामं केली, आणि गेली काही वर्षं दुरुस्तीचं इंजिनिअरिंग बघते. तुम्ही ऐकलेली गोष्ट खरी असणार. ब्रॅकेट, सीटच्या हाताचं झाकण, डक्टचा एखादा कोपरा अशा किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंसाठी विमान अडतं. मूळ पुरवठादार म्हणतो किमान पन्नास नग घ्या, किंवा म्हणतो साचा मोडला, सोळा आठवडे थांबा. पंधरा-वीस वर्षं जुन्या विमानांच्या बाबतीत तर पुरवठादारच बंद झालेला असतो. त्यामुळे गरज आहे का, याबद्दल मला तुम्हाला काही पटवून द्यायची गरज नाही.

पार्ट प्रिंट करणंही तुम्हाला जमेल. खरी अडचण त्याच्या पुढची आहे. तुमचा पार्ट मी विमानावर लावला आणि लॉगबुकात सही केली, तर त्या सहीला आधार कशाचा? हा माझ्या बाजूचा प्रश्न नीट समजला की तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतील.

आमच्या स्टोअरमध्ये येणाऱ्या प्रत्येक पार्टबरोबर एक कागद येतो. भारतात सीए फॉर्म वन, युरोपातून आला तर ईएएसए (युरोपचा विमान-सुरक्षा नियामक) चा फॉर्म वन, अमेरिकेतून आला तर तिथला ८१३०-३ हा फॉर्म. तो पार्ट कोणी बनवला, कोणत्या मंजूर आराखड्यावरून बनवला आणि त्या कारखान्याला ते बनवायची मान्यता आहे का, हे तो कागद सांगतो. कागद नसेल तर पार्ट कितीही देखणा असो, तो क्वारंटाइनच्या जाळीत, म्हणजे वापरायचे नाहीत अशा वस्तूंच्या कुलूपबंद जागेत जातो. हे बाबूगिरीसारखं वाटेल, पण त्यामागे माणसं मेलेली आहेत. ८ सप्टेंबर १९८९ रोजी ऑस्लोहून हॅम्बुर्गला निघालेलं पार्टनेअरचं कॉन्व्हेअर ५८० समुद्रात कोसळलं आणि ५५ जण गेले. शेपटीचा उभा पंख जोडणारे बोल्ट बनावट निघाले, मूळ दर्जाचे नव्हते. दिसायला ते बोल्टच होते. २०२३ मध्ये सीएफएम५६ या प्रवासी जेट इंजिनांचे पार्ट खोट्या कागदांसह विकले गेल्याचं उघड झालं, तेव्हा जगभरच्या एअरलाइननी इंजिनं उघडून ते पार्ट शोधून काढले. ज्यांनी ते लावले त्यांच्यावर काय वेळ आली असेल, याची मला कल्पना आहे.

आता स्कॅनिंगकडे येऊ. मोडलेला पार्ट स्कॅन केला की तुम्हाला त्या एका झिजलेल्या नगाचा आकार मिळतो. मूळ भोक ६.३५ मिलिमीटरचं होतं की झिजून ६.५ झालं, हे स्कॅन सांगत नाही. त्या भोकाला टॉलरन्स (मापात चालणारा फरक) किती, धातू कोणता, त्यावर उष्णतेची प्रक्रिया कोणती झाली, पृष्ठभागावर शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा करून मजबुती) आहे का, त्या जागी भार किती येतो आणि कोणत्या दिशेने, यातलं काहीच स्कॅनमध्ये नसतं. आणि पार्ट मोडला का? कंपनामुळे, गंजामुळे, की मुळात डिझाइन कमी पडलं म्हणून? हे न कळता तसाच दुसरा बनवला, तर तोही तिथेच मोडेल. कधीकधी तो आधीपेक्षा मजबूत झाला म्हणून शेजारचा महागडा भाग मोडतो. काही पार्ट मुद्दाम आधी तुटण्यासाठीच डिझाइन केलेले असतात.

रिव्हर्स इंजिनिअरिंगने पर्यायी पार्ट बनवून मान्यता घेण्याची वाट जगात आहे. अमेरिकेत तिला पीएमए म्हणतात आणि तिच्यावर मोठा उद्योग उभा आहे. पण ते लोक एका नगावरून काम करत नाहीत. कोरे नवे अनेक नग घेऊन मोजतात, धातूचं रासायनिक पृथक्करण करतात, भाराचं गणित मांडतात, चाचण्या करतात आणि मग नियामकाकडे जातात. दोन दिवसांचं ते काम नाही.

थ्रीडी प्रिंटिंगमध्ये याहून खोल एक गोष्ट आहे, आणि गाड्यांच्या कामाची सवय असलेल्यांच्या ती पटकन लक्षात येत नाही. तुम्ही सीएनसीवर बिलेटमधून, म्हणजे धातूच्या ठोकळ्यातून ब्रॅकेट काढता, तेव्हा धातू गिरणीतून तयार होऊन, तपासून, सर्टिफिकेटसह आलेला असतो. तुम्ही फक्त आकार देता. पावडर आणि लेझरच्या प्रिंटरमध्ये मात्र आकाराबरोबर धातूही तुमच्याच मशीनमध्ये तयार होतो, दर खेपेला नव्याने. तीस ते साठ मायक्रॉनचा थर, त्यावर लेझर, वितळणं, गोठणं, पुन्हा थर. लेझरची ताकद थोडी कमी पडली की दोन थरांमध्ये न जुळलेली फट राहते. जास्त झाली की वायूचे बुडबुडे अडकतात. पार्ट उभा ठेवून प्रिंट केला की आडवा, यावर ताकदीची दिशा बदलते. टायटॅनियमची पावडर पुन्हापुन्हा वापरली की तिच्यात ऑक्सिजन वाढत जातो आणि धातू ठिसूळ होतो. म्हणजे तुम्ही वर्कशॉपवाले राहत नाही, धातूची गिरणीही तुम्हीच होता. नियामक तुमच्याकडे त्याच नजरेने बघतो.

यावर उपाय आहेत. प्रिंटनंतर ताण काढायची उष्णता-प्रक्रिया असते. नंतर हिपिंग असतं, म्हणजे पार्टला एकाच वेळी उष्णता आणि सगळीकडून वायूचा दाब देणं. टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूसाठी साधारण ९०० अंशांच्या वर तापमान आणि १०० मेगापास्कलच्या आसपास वायूचा दाब देतात, म्हणजे आतल्या फटी मिटतात. मशीनमधून निघालेला पृष्ठभाग खरखरीत असतो आणि वारंवारच्या भाराने पडणारी थकव्याची चीर तिथूनच सुरू होते, म्हणून महत्त्वाच्या जागा मशिनिंग करून गुळगुळीत कराव्या लागतात. सीटी स्कॅन असतो. प्रत्येक प्लेटवर पार्टच्या शेजारी नमुन्याच्या कांड्या प्रिंट करून तोडून बघायच्या असतात. हे सगळं बसवून एकदा मान्यता मिळाली की ती पद्धत गोठवली जाते. तेच मशीन, तीच पावडर, तीच सेटिंग, प्लेटवरची तीच जागा. मशीन एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये हलवलं तरी पुन्हा सिद्ध करून दाखवावं लागतं. म्हणूनच “फाइल ईमेल करा, जिथे विमान अडलंय तिथे प्रिंट करा” हे स्वप्न अजून दूर आहे. फाइल जाते, पण पद्धतीची मान्यता फाइलबरोबर जात नाही.

तरी हे होतं, आणि झालेलं आहे. माझं सगळ्यात आवडतं उदाहरण आकाराने अगदी छोटं आहे. ए३२० वर असणाऱ्या व्ही२५०० इंजिनाच्या तोंडाशी बर्फ साचू नये म्हणून गरम हवेची एक गोल नळी असते. ती नऊ छोट्या दुव्यांनी धरलेली असते, त्यांना ए-लिंक म्हणतात. इंजिनाच्या कंपनाने त्यांची भोकं झिजतात आणि काही वर्षांनी ते बदलावे लागतात. व्ही२५०० वर काम केलेल्या कोणालाही हे माहीत आहे. मूळ पार्ट घडाईचा, म्हणजे धातू दाबून घडवलेला. लुफ्तान्झा टेक्निक ही देखभाल कंपनी आणि प्रीमियम एरोटेक ही विमानाचे भाग बनवणारी कंपनी यांनी तो टायटॅनियममध्ये प्रिंट करून २०२२ मध्ये ईएएसएची मान्यता मिळवली. भार पेलणारा प्रिंट केलेला धातूचा पार्ट देखभालीच्या बाजूने मंजूर होण्याचं हे महत्त्वाचं पाऊल होतं. त्यांनी निवड कशी केली, ते बघा. तीनशे अंशांपर्यंत तापणारी, भार पेलणारी, पण एक तुटला तरी आणखी आठ उरतात अशी जागा. नियमित झिजणारा, म्हणजे मागणी कायमची. आकारात काही कसरत केली नाही, मूळच्यासारखाच ठेवला, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट एकच उरली, ती धातूची. ताणाच्या ताकदीत तो मूळ घडाईच्या पार्टपेक्षा सरस निघाला. आणि त्यासाठी लुफ्तान्झा टेक्निकला आपली मान्यता प्रिंट केलेल्या धातूच्या पार्टपर्यंत वाढवून घ्यावी लागली. हॅम्बुर्गला त्यांनी २०१८ मध्येच प्रिंटिंगचं केंद्र उघडलं होतं. एवढ्या मोठ्या संस्थेला एका बोटभर दुव्यासाठी किती वेळ लागला, ते तुमच्या लक्षात येईल.

इंजिन बनवणाऱ्यांचा मार्ग वेगळा असतो, कारण डिझाइन त्यांचंच असतं. जीई या अमेरिकी इंजिन कंपनीने २०१५ मध्ये आपल्या जीई९० इंजिनाच्या सेन्सरचं प्रिंट केलेलं आवरण मंजूर करून घेतलं आणि आधीच उडत असलेल्या चारशेहून अधिक इंजिनांवर बसवलं. लीप इंजिनाच्या इंधन नोझलच्या टोकात आधी वीसएक तुकडे ब्रेझिंगने (दुसरा धातू वितळवून) जोडावे लागायचे, तिथे आता एकच प्रिंट आहे, आणि तो पंचवीस टक्के हलका आहे. आपल्याकडच्या नव्या ए३२० निओंपैकी बऱ्याच विमानांना हीच लीप इंजिनं आहेत, म्हणजे तुम्हीही कदाचित प्रिंट केलेल्या पार्टवर उडून आला असाल. पण हे पार्ट इंजिन कंपनीकडूनच, तिच्या कागदासह येतात. त्यात तुम्हाला-मला शिरायला जागा नाही.

आता परिस्थितीनुसार काय बदलतं ते सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं एकच उत्तर नाही. पार्ट कुठे लागणार, यावर सगळं अवलंबून आहे. मुख्य ढाचा, नियंत्रणाचे दुवे, इंजिनाचे फिरते भाग हे पुढची अनेक वर्षं विसरा. केबिनमधले प्लास्टिकचे भाग ही खरी उघडी बाजू आहे. एअरबसने २०१८ मध्ये मटेरियलाइज या प्रिंटिंग कंपनीकडून प्रिंट करून घेतलेले, सामानाच्या कप्प्यांमधली रिकामी जागा भरणारे पॅनेल फिनएअरच्या ए३२० वर बसले, जुन्यापेक्षा पंधरा टक्के हलके. पण केबिन म्हणजे सोपं, असं समजू नका. तिथे आग हा विषय आहे. पॅनेलसारख्या भागांचा नमुना उभा टांगून खालून साठ सेकंद ज्योत लावतात. ज्योत काढल्यावर तो पंधरा सेकंदांत विझला पाहिजे, जळालेली लांबी सहा इंचांच्या आत हवी, आणि गळणारा थेंब तीन सेकंदांपेक्षा जास्त पेटता राहता कामा नये. यात पास होणारं प्लास्टिक मिळतं, अल्टेम ९०८५ त्यासाठी सगळ्यांच्या परिचयाचं आहे. पण तेच प्लास्टिक पातळ भिंतीने, आतून पोकळ जाळी ठेवून, वेगळ्या दिशेने प्रिंट केलं तर वेगळं जळतं. वरचा रंगही मोजला जातो. म्हणून रोलवरच्या सर्टिफिकेटवर भागत नाही. तुमच्या मशीनवर, तुमच्या सेटिंगने, त्याच जाडीचे नमुने प्रिंट करून जाळून दाखवावे लागतात. गाड्यांच्या कामात एबीएस किंवा नायलॉन वापरत असाल, तर ते इथे आणू नका.

तापमानाबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण एकदा माझी चूक होता होता राहिली. नागपूरला पंखाच्या मागच्या कडेजवळ एका पॅचसाठी रिव्हेटची भोकं पाडायची होती. आम्ही त्यासाठी पीएलए या साध्या प्रिंटिंगच्या प्लास्टिकमध्ये ड्रिलिंगचा साचा प्रिंट केला. सुंदर बसला. जेवायला गेलो तेव्हा तो पंखावर तसाच राहिला, आणि विमान हँगरच्या बाहेर उभं होतं, मे महिना. दोन तासांनी येऊन बघितलं तर साचा पंखाच्या वळणाबरोबर हलकेच वाकून बसला होता. डोळ्यांना कळलंही नसतं. खुणेची पिन आत जाईना, म्हणून शंका आली. तसंच ड्रिल केलं असतं तर शेवटची दोन भोकं पत्र्याच्या कडेच्या फार जवळ गेली असती. भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत भोकाच्या व्यासाच्या दुप्पट अंतर हवं, हा आमच्याकडचा पहिला धडा आहे. ते चुकलं की काही वर्षांनी तिथून चीर जाते. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, हे मला माहीत होतं. नागपूरच्या उन्हात पत्रा किती तापतो, हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी एकत्र आणून विचार मात्र केला नव्हता.

१८ मार्च २०२५ रोजी इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशर विमानतळावर हीच चूक हवेत घडली. कोझी मार्क ४ हे घरी बांधलेलं छोटं विमान होतं, आणि त्याच्या इंजिनाला हवा पुरवणारा प्लास्टिकचा कोपरा प्रिंट केलेला होता, विमानांच्या प्रदर्शनातून विकत आणलेला. उतरताना तो मऊ होऊन दबला, हवा बंद झाली, इंजिनाची ताकद गेली आणि विमान धावपट्टीच्या अलीकडेच पडलं. पायलट किरकोळ जखमांवर वाचला. पार्टचा माल कार्बन फायबर मिसळलेला एबीएस असून तो १०५ अंशांपर्यंत टिकेल, अशी मालकाची समजूत होती. तपासात तो ५३-५४ अंशांनाच मऊ पडू लागतो असं आढळलं. मूळ आराखड्यात त्या कोपऱ्याच्या तोंडाशी आधाराला अ‍ॅल्युमिनियमची नळी होती. प्रिंट केलेल्यात ती नव्हती. आकार जुळला होता, बसलाही होता. तुम्ही प्रश्नात लिहिलेलं “स्कॅन करून दोन दिवसांत” वाचताना मला हाच कोपरा डोळ्यांसमोर आला, म्हणून एवढं लांबवलं.

परवानगीचं थोडक्यात सांगते. भारतात नागरी विमानांसाठी डीजीसीए हा नियामक. पार्ट बनवून विकायचा असेल तर त्याच्या सीएआर-२१ या नियमाखाली मंजूर डिझाइन आणि उत्पादनाची मान्यता, दोन्ही लागतात. देखभाल संस्थेला सीएआर-१४५ खाली मर्यादित पार्ट स्वतः बनवायची सोय आहे, पण अट अशी की डिझाइनची माहिती मंजूर असावी, पद्धत संस्थेच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेली असावी, आणि तो पार्ट त्याच संस्थेत कामाला आलेल्या विमानावरच लागावा. बाहेर विकता येत नाही. म्हणजे एअरलाइनने थेट तुमच्याकडून पार्ट घ्यायचा, ही वाट आज बंद आहे. लष्करी विमानांचं विश्व वेगळं आहे. तिथे सेमिलॅक या लष्करी विमानांच्या नियामकाची मान्यता लागते आणि निकडीनुसार धाडस जास्त होतं. २९ जुलै २०१६ ला अमेरिकेचं ऑस्प्रे हे लष्करी विमान प्रिंट केलेल्या टायटॅनियमच्या दुव्यावर उडालं, आणि तो दुवा उड्डाणाच्या दृष्टीने अत्यावश्यक होता. नाशिकजवळ ओझरला सुखोई लढाऊ विमानांची कामं होतात हे तुम्हाला माहीत असेलच, पण तिथेही तुम्ही पुरवठादार म्हणून नोंदणी करूनच आत जाल.

नवा पार्ट प्रिंट करण्यापेक्षा जुन्यावर धातू चढवणं मला देखभालीच्या दृष्टीने जास्त आशादायक वाटतं. कॉम्प्रेसरच्या ब्लेडचं टोक आवरणाला घासून झिजतं. पूर्वी प्रत्येक ब्लेड हाताने कापून, वेल्डिंग करून, घासून आकारात आणायचं. सिंगापूरला लोयांगमधल्या जीईच्या केंद्रात सीएफ६ इंजिनाच्या ब्लेडची टोकं आता प्रिंटरने भरतात. कॅमेरा प्रत्येक ब्लेडची झीज बघतो आणि तेवढाच धातू चढवतो. इथे बहुतेक पार्ट मूळचाच असतो, कागदही त्याचाच, आणि मंजुरी फक्त दुरुस्तीची घ्यावी लागते. तुमच्याकडे लेझर क्लॅडिंगची (लेझरने धातू चढवण्याची) माणसं असतील तर हा धागा धरून ठेवा.

मग सुरुवात कुठून? माझं स्पष्ट मत आहे की उडणाऱ्या पार्टला हात लावू नका, हँगरच्या अवजारांपासून सुरू करा. ड्रिलचे साचे, रंगकामात भोकं झाकायच्या टोप्या, पॅनेल ठेवायचे आधार, नळ्यांची तोंडं बंद करायची झाकणं, बोरस्कोप (इंजिनात आत बघायचा कॅमेरा) वळवायची नळी. आम्हाला हे सतत लागतं, प्रत्येक विमानाला वेगळं लागतं, आणि कोणी बनवून देत नाही. यांना फॉर्म वन लागत नाही, पण शिस्त लागते. माल तापमान बघून निवडा. रंग भडक ठेवा, लाल किंवा केशरी, म्हणजे झाकण इंजिनात विसरलं तर दिसेल. प्रत्येक नगावर न पुसणारा क्रमांक घाला, म्हणजे टूल क्रिबमध्ये (अवजारांच्या खोलीत) तो मोजला जाईल. ज्याच्यावरून माप घेतलं जाणार आहे ते कॅलिब्रेट करून द्या. असं वर्षभर काम केलंत की तुमची नोंदवही तयार होईल: कोणत्या पावडरच्या कोणत्या खेपेपासून कोणता नग, कोणत्या दिवशी, कोणत्या सेटिंगने. कागद मागितला आणि दहा मिनिटांत समोर आला, हे बघून आमच्या क्वालिटीच्या माणसांचा चेहरा बदलतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

सोबत एएस९१०० चं (विमान उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचं) प्रमाणपत्र मिळवायला लागा, आणि ज्यांच्याकडे आधीच उत्पादन मान्यता आहे अशांचे उपकंत्राटदार व्हायचा प्रयत्न करा. त्यांच्या डिझाइनवर आणि त्यांच्या देखरेखीखाली काम करायचं, कागद ते देतील. पैसा सावकाश येईल. पण तुमचं मशीन कसं वागतं याची आकडेवारी याच काळात जमते, आणि पुढे तेच तुमचं खरं भांडवल होईल.

तुमच्या मेटल मशीनचं मॉडेल, तुम्ही कोणती पावडर चालवता आणि हिपिंग बाहेरून करून घेता का, हे इथेच लिहा. ताण-चाचणीचे जुने रिपोर्ट असतील तर कोणत्या दिशेने प्रिंट केलेल्या कांड्यांचे आहेत तेही सांगा. त्यावरून कोणत्या अवजारापासून सुरुवात करावी, ते नेमकं सांगता येईल.